बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडताना: हक्काचे लाभ मिळवायचे तर कागद कुठल्या क्रमाने करायचे

बालगृहात वाढलेलं मूल अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडतं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याला जे मिळायला हवं ते बऱ्याचदा मिळतच नाही, पात्र असूनही मिळत नाही. घोळ बहुतेक वेळा एकच असतो, कागद उलट्या क्रमाने केलेले असतात किंवा मूल गेटबाहेर गेल्यावर करायला घेतलेले असतात. बाहेर गेल्यावर प्रत्येक ऑफिस नेमका तो कागद मागतं जो फक्त संस्थाच देऊ शकते, आणि तोवर अधीक्षक बदललेले असतात, केस वर्कर नोकरी सोडून गेलेली असते आणि फाईल कुठल्या कपाटात आहे ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून खालचं सगळं शक्यतो मूल संस्थेत असतानाच करायचं. हे महाराष्ट्रातल्या संस्थांपुरतं लिहितोय, अधीक्षक, केस वर्कर, स्वयंसेवक आणि धाकट्यांची कामं करून देणारे आधीच्या बॅचचे दादा-ताई या सगळ्यांसाठी.

## सुरू करण्याआधी: कोणाला काय मागता येतं

आफ्टरकेअर आणि अनाथ प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्धा गोंधळ इथेच होतो म्हणून आधी हे नीट वाचा.

आफ्टरकेअर, म्हणजे संस्था सोडल्यावर पायावर उभं राहायला मिळणारी पैशाची आणि राहण्याची मदत, कागदोपत्री ज्याला अनुरक्षण म्हणतात, ते २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ खाली येतं. संस्थेतून अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही मुलाला ते मागता येतं, मग आई जिवंत असो, वडील जेलमध्ये असोत नाहीतर घरी सांभाळण्यासारखी परिस्थिती नसो. वय १८ ते २१, आणि खास कारण असेल तर २३ पर्यंत वाढवता येतं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत यासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे आणि पैसे थेट त्या मुलाच्या खात्यात जायला हवेत.

अनाथ प्रमाणपत्र मात्र ज्याचे आईवडील दोघंही त्याच्या अठराव्या वर्षाआधी गेले, किंवा ज्याचे आईवडील कोण हेच शोध घेऊनही कळलेलं नाही, अशालाच मिळतं. एक पालक असलेल्या मुलाला हे मिळत नाही. पण म्हणून त्याला "तुला काहीच मिळणार नाही रे" असं सांगून परत पाठवणं चूक आहे, त्याची आफ्टरकेअरची मागणी शाबूत असते. असं चुकीचं ऐकून निघून गेलेली मुलं परत विचारायला येत नाहीत, हे सगळ्यात वाईट.

तिसरं, बालसंगोपन योजना. महिना २,२५० रुपये मिळतात ती हीच, आता तिला सावित्रीबाई फुलेंचं नाव आहे. पण ती अठरापर्यंतच्या, कुटुंबात राहणाऱ्या मुलांसाठी आहे. अठरा झालेल्या मुलाला त्या रांगेत उभं करून त्याचा दिवस घालवू नका.

## टप्पा १: सोळाव्या वर्षीच फाईल काढा आणि नावं जुळवा

टेबलावर मुलाचे सगळे कागद शेजारी शेजारी मांडा. बाल कल्याण समितीचा (पुढे नुसतं समिती म्हटलंय ती हीच) दाखल करून घेतल्याचा आदेश, शाळेचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा, आधार, पासबुक, जन्मदाखला असेल तर तो, आईवडलांचे मृत्यूदाखले असतील तर ते. मग एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव, मधलं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी उतरवा, मराठीतही आणि इंग्रजीतही, स्पेलिंगसकट.

हा कागद भरताना काय काय दिसतं ते सांगतो. समितीच्या आदेशात नुसतं पहिलं नाव, पुढे आडनावच नाही. शाळेत मधलं नाव म्हणून संस्थाचालकांचं नाव घातलेलं, कारण ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये ती चौकट रिकामी ठेवता येत नव्हती. आधारवर आडनावाच्या जागी संस्थेचं नाव. आणि पासबुकात चौथंच स्पेलिंग. माणूस एकच, पण कॉम्प्युटरसाठी हे चार वेगळे लोक असतात आणि महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, किंवा बँकेत फॉर्म अडकतो तो इथेच.

मग कुठलं नाव धरायचं? दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जे छापून येणार आहे ते पक्कं धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या, कारण ते आयुष्यभर चालतं आणि बदलायला सगळ्यात त्रासाचं. म्हणून नाव कसं हवं हे मुलाशी बोलून दहावीचा फॉर्म भरायच्या आधी, खरं तर नववीतच ठरवा. मुलाशी बोलून, हे महत्त्वाचं, कारण ते नाव त्याला जन्मभर वागवायचंय, आपल्याला नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून करता येते, शाळा सुटली की तेच काम फार अवघड होऊन बसतं.

सावध: आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. बाकी कागद ठरायच्या आधी कोणी तरी उत्साहाने आधार केंद्रावर जाऊन "दुरुस्ती" करून आलं तर ती एक संधी फुकट जाते. आधारला हात शेवटी लावायचा.

## टप्पा २: वयाचा पुरावा पक्का करा

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वयासाठी क्रम दिलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. शेवटी समिती जे वय नोंदवते ते या कायद्यासाठी खरं वय मानलं जातं. म्हणून समितीच्या ज्या आदेशात वय ठरवलंय त्याची सही-शिक्क्याची प्रत वेगळी काढून ठेवा, नुसत्या फाईलमधल्या उल्लेखावर अवलंबून राहू नका.

जन्मदाखला नसेल तर उशिरा नोंदणीसाठी अर्ज करता येतो, पण जन्माला एक वर्ष उलटून गेलेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि या कामाला वेळ जातो. म्हणून सोळाव्या वर्षीच सुरू करा. बऱ्याच लाभांना शाळेचा दाखला चालून जातो, तेव्हा जन्मदाखला मिळेपर्यंत बाकीची कामं अडवून ठेवायची गरज नाही, दोन्ही बरोबरीने चालू द्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा, संस्थेतल्या कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून असते. शाळेत घालताना खरी तारीख माहीत नव्हती म्हणून टाकलेली. याचा अर्थ ही सगळी मुलं एकाच दिवशी अठरा होतात, तेही बारावीचा निकाल लागून ॲडमिशनची धावपळ सुरू असताना. अशी मुलं तुमच्या संस्थेत असतील तर पुढचे सगळे टप्पे डिसेंबर-जानेवारीत सुरू करा. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिलमध्ये सुट्ट्या आणि मे महिन्यात निम्मं ऑफिस गावाला.

## टप्पा ३: आधार, पत्ता आणि मोबाईल नंबर

आधारची तीन कामं असतात आणि बहुतेक जण त्यातलं एकच करतात.

पहिलं बायोमेट्रिक. पंधरा वर्षांनंतर बोटांचे ठसे आणि डोळे नव्याने द्यावे लागतात. ते दिलेले नसतील तर लहानपणचे ठसे जुळत नाहीत, आणि मग रेशन दुकानापासून सिम कार्डपर्यंत कुठेही मशीन नाकारतं.

दुसरं पत्ता. नोंदणीकृत संस्थेत राहणाऱ्या मुलासाठी अधीक्षकांनी आधारच्या ठरलेल्या नमुन्यात सही-शिक्का आणि फोटोसह प्रमाणपत्र दिलं की तो पत्त्याचा पुरावा चालतो. साध्या लेटरहेडवर लिहून नेलं तर केंद्रावरून परत पाठवतात, त्यामुळे नमुना डाऊनलोड करूनच न्या.

तिसरं मोबाईल, आणि इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. संस्थेत तीस-चाळीस मुलांच्या आधारला ऑफिसचा एकच नंबर जोडलेला असतो. मूल बाहेर पडतं, शहरात कुठेतरी सायबर कॅफेत बसून फॉर्म भरतं, ओटीपी जातो संस्थेच्या फोनवर, फोन असतो अधीक्षकांच्या खिशात आणि ते असतात मीटिंगमध्ये. अठरा पूर्ण झाल्या झाल्या स्वतःच्या नावावर सिम घ्यायला लावा आणि त्याच आठवड्यात आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या. मोबाईल नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही, फक्त माणूस स्वतः हजर हवा.

तपासा: मुलाच्या स्वतःच्या फोनवर ओटीपी येतोय का, हे तुमच्यासमोर एकदा करून बघा. "लिंक झालंय" असं केंद्रवाला म्हणाला एवढ्यावर उठू नका.

## टप्पा ४: बँक खातं, आणि ज्याला सगळे लिंक म्हणतात ते

बँकेत नेहमी घडतं ते असं. मुलगी पासबुक पुढे करते, "काका, पैसे काढायचेत." काउंटरवरचे काका स्क्रीन बघतात, "खातं मायनर आहे बाळा, वडिलांना घेऊन ये." "वडील नाहीयेत." "मग गार्डियन कोण आहे?" पासबुकावर गार्डियन म्हणून ज्या अधीक्षकांचं नाव असतं त्यांची बदली कधीच झालेली असते. मागे रांग असते, मुलगी पासबुक घेऊन निघून येते आणि पुन्हा त्या बँकेत पाऊल टाकत नाही. खात्यात शिष्यवृत्तीचे किंवा प्रायोजकत्वाचे पैसे तसेच पडून राहतात.

हे टाळायला, अठरा पूर्ण झाल्यावर लगेच, मूल संस्थेत असतानाच, आत्ताच्या अधीक्षकांनी मुलाला स्वतः बँकेत न्यायचं. सोबत वयाचा पुरावा, आधार, नवा फोटो, संस्थेचं पत्र. खातं सज्ञान व्यक्तीचं करून घ्यायचा अर्ज, नवीन सहीचा नमुना, केवायसी, आणि मग एटीएम कार्ड. जुनं खातं फारच गुंत्यात असेल तर मुलाच्या एकट्याच्या नावावर नवं जनधन खातं उघडा, शून्य शिल्लक चालते, आणि जुन्यातले पैसे नंतर लेखी अर्जाने वळते करून घ्या. सहीची प्रॅक्टिस आधी करून घ्या, हे अगदी मनापासून सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा सही करणारं मूल तीन ठिकाणी तीन वेगळ्या सह्या करतं आणि फॉर्म बाद होतो.

आता लिंकची भानगड. खात्याला आधार नंबर जोडलेला असणं म्हणजे केवायसी झाली. पण सरकारी योजनेचा पैसा आधारवरून खात्यात यायला डीबीटीसाठी, म्हणजे थेट खात्यात पैसे जमा होण्यासाठी, वेगळं सीडिंग लागतं, म्हणजे या आधारचा पैसा कुठल्या बँकेत टाकायचा याची एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे, नोंद. एका आधारला एका वेळी एकच बँक चालते, आणि शेवटी जिथे संमतीचा फॉर्म भरला असेल तिथे पैसे जातात. मुलाची दोन-तीन खाती असतात, एक शाळेने उघडलेलं, एक संस्थेने, एक मोबाईल पेमेंट बँकेचं, आणि पैसा भलत्याच खात्यात जाऊन पडतो. सगळे म्हणतात योजनेचे पैसे आलेच नाहीत.

तपासा: आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघा. तिथे बँकेचं नाव बरोबर आणि स्टेटस ॲक्टिव्ह दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर बँकेत जाऊन "डीबीटी सीडिंग करायचंय" असेच शब्द वापरा, नुसतं "आधार लिंक करा" म्हणालात तर ते केवायसी करून पाठवून देतील.

## टप्पा ५: समितीपुढे जा, अठरा होण्याआधी दोन महिने

नियमांप्रमाणे मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी, बाल कल्याण अधिकारी किंवा केस वर्करने बाहेर पडल्यानंतरचा प्लॅन तयार करून समितीपुढे ठेवायचा असतो, आफ्टरकेअरची शिफारस त्यातच करायची. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी हा प्लॅन शेवटच्या आठवड्यात दोन ओळींत उरकला जातो, "मूल सज्ञान झाल्याने मुक्त करण्यात यावे." या एका वाक्याने मुलाची पुढची तीन वर्षं जातात.

प्लॅनमध्ये काय हवं? मूल कुठे राहणार, कोणासोबत, काय शिकणार किंवा कुठे काम करणार, महिन्याचा खर्च किती, आणि त्यासाठी किती काळ मदत हवी. खर्च आकड्यांत लिहा, भाडं इतकं, मेस इतकी, बसचा पास इतका. सोबत मुलाचा स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज जोडा, एक पान पुरे. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, पण लिहिलेलं त्याचंच हवं, समिती मुलाला विचारते तेव्हा त्याला उत्तर देता आलं पाहिजे. सुनावणीच्या दिवशी मुलाला घेऊनच जा आणि आदल्या दिवशी त्याच्याशी शांतपणे बोला की तिथे काय विचारतील, कारण या मुलांच्या डोक्यात समिती म्हणजे आपल्याला कुठेतरी पाठवून देणारे लोक असंच बसलेलं असतं.

राहायची सोय नसेल तर तीही याच अर्जात मागा. मुलांसाठी अनुरक्षणगृहं आहेत, मुलींची सोय बहुतेकदा शासकीय महिला गृहांमधे केली जाते, आणि सहा ते आठ जणांनी एकत्र राहायची गटनिवासाची तरतूदही नियमांत आहे. अनुरक्षणगृह प्रत्येक जिल्ह्यात नाही, त्यामुळे जिथे कॉलेज मिळणार आहे त्याच्या जवळ कुठलं आहे हे आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून ठेवा. मूल शिकतंय एका शहरात आणि सोय झाली दुसऱ्या टोकाला, मग ते दोन महिन्यांत कॉलेज सोडतं.

आदेश हातात आला की तो वाचा. त्यात आफ्टरकेअर हा शब्द, कालावधी आणि कोणी काय करायचं हे स्पष्ट लिहिलेलं हवं. मग त्याची प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षात आवक शिक्का मारून द्या आणि आवक क्रमांक मुलाच्या वहीत लिहून ठेवा.

सावध: साडेसतरा वर्षांच्या मुलाला कुठल्यातरी लांबच्या मामाच्या किंवा काकाच्या ताब्यात दिल्याचं दाखवून फाईल बंद केली जाते. नातेवाईक खरंच सांभाळणार असतील तर आनंदच आहे. पण नुसतं कागदावर असेल तर पुढे "हा तर अठराच्या आधीच घरी गेला" म्हणून आफ्टरकेअर नाकारायला कारण मिळतं. मुलाला विचारल्याशिवाय आणि त्या घरी प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय अशा कागदावर सही करू नका.

आणखी एक: ४,००० रुपये दर महिन्याच्या एक तारखेला जमा होतील असं धरून खोलीचं भाडं ठरवू नका. निधी उशिरा येऊ शकतो. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च कुठून निघेल हे वेगळं बघून ठेवा, संस्थेच्या देणगीदारांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

## टप्पा ६: अनाथ प्रमाणपत्र

जो पात्र आहे त्याचं हे अठराच्या आतच करून घ्या. अर्ज संस्थेमार्फत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो, तिथे पडताळणी होते, समितीची शिफारस लागते आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त, महिला व बाल विकास, यांच्या कार्यालयातून मिळतं. म्हणजे कागद तीन टेबलांवरून फिरतो, त्यात एक टेबल दुसऱ्या शहरात असतं, हे लक्षात घेऊन वेळ धरा.

या प्रमाणपत्रावर महाराष्ट्रात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण (जातीच्या आरक्षणापेक्षा वेगळं, सगळ्या प्रवर्गांना आडवं लागू होणारं) मिळतं. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे आता दोन प्रकार आहेत, संस्थात्मक आणि संस्थाबाह्य. संस्थेत वाढलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर संस्थात्मक असंच यायला हवं. त्याआधी अ, ब, क अशी वर्गवारी होती, तसं जुनं प्रमाणपत्र कोणाकडे असेल तर पुढचा कुठलाही फॉर्म भरायच्या आधी ते जिल्हा कार्यालयात दाखवा आणि नव्या वर्गवारीचं विचारा.

अडतं कुठे? मृत्यूदाखल्यांवर. आईचा मृत्यू झालाय हे सगळ्यांना माहीत असतं पण दाखला कोणी काढलेलाच नसतो. मूल कुठल्या गावचं, मृत्यू कुठे झाला, घरी की दवाखान्यात, हे मुलाच्या आधीच्या केस हिस्ट्रीत शोधा, मग त्या ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत अर्ज करा. आणि ज्यांचे आईवडील माहीतच नाहीत त्यांच्यासाठी मूल सापडलं तेव्हाचा पोलिसांचा रिपोर्ट आणि पालकांचा शोध घेऊनही लागला नाही हे दाखवणारे समितीकडचे कागद लागतात. हे कितीतरी वर्षांपूर्वीचे कागद असतात, कडा फाटलेल्या, शाई उडालेली. आजच स्कॅन करा.

वडील परागंदा आहेत, कुठे आहेत माहीत नाही, अशा मुलाचं काय? नुसतं बेपत्ता असणं म्हणजे मृत्यू धरला जात नाही, तिथे प्रमाणपत्र अडतं. खोटा अर्ज करू नका, पुढे नोकरीच्या पडताळणीत मूलच अडकतं. अशा मुलासाठी सगळा जोर आफ्टरकेअरवर लावा.

सावध: भरतीची जाहिरात आली की मग प्रमाणपत्राला धावायचं, हे सर्रास चालतं. फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आत प्रमाणपत्र हातात नसेल तर आरक्षणाचा दावा टिकवणं कठीण होतं.

## टप्पा ७: अधिवास, रेशन कार्ड, मतदार यादी

हे तीन पटापट होतात, फक्त संस्थेचा पत्ता चालू आहे तोवर करा.

वय अधिवास दाखला आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून. शाळेचे दाखले आणि संस्थेचं वास्तव्याचं पत्र जोडा. वडिलांचे कागद मागितले तर समितीचा आदेश पुढे करा, तोंडी समजावत बसू नका.

रेशन कार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत. मुलाला स्वतंत्र कार्ड हवं, कारण पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दवाखान्यात तेच विचारतात, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. एकट्या माणसाला कार्ड मिळत नाही असं कोणी सांगेल, तर नकार लेखी मागा.

मतदार नोंदणीचा फॉर्म ६ सतराव्या वर्षीच आगाऊ भरता येतो. नातेवाईकाच्या रकान्यात अनाथांसाठी कायदेशीर पालक लिहायची सोय त्या फॉर्ममध्येच आहे, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते उगाच कोणाचंतरी नाव वडील म्हणून टाकून देतात. ते नाव मग कायमचं चिकटतं.

## टप्पा ८: फी आणि महाडीबीटी

२०२४-२५ पासून संस्थात्मक आणि संस्थाबाह्य या दोन्ही वर्गवारीतल्या अनाथ मुलांना, मुलगे आणि मुली दोघांनाही, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. आधी ५० टक्के होती, त्यामुळे कॉलेजच्या ऑफिसात अजूनही कोणी जुनं सांगू शकतं, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची प्रिंट सोबत ठेवा. ॲडमिशन सरकारी कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेली हवी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की हा लाभ गेला, आणि हे मुलाला कोणी सांगत नाही, एजंट तर नाहीच नाही.

महाडीबीटीवर फॉर्म भरताना पालकांच्या माहितीत आईवडील हयात नाहीत हे निवडा, संस्थाचालकांचं नाव वडील म्हणून टाकू नका. फॉर्म भरला म्हणजे झालं नाही, तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे जावा लागतो. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघा, परत पाठवला असेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं. आणि दरवर्षी रिन्यू करायचा असतो, दुसऱ्या वर्षी विसरलेली मुलं खूप आहेत.

## काही मुलांचं वेगळं बघावं लागतं

दिव्यांग मुलांना अठरानंतर संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो, तहसील कार्यालयात. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागतं. कार्ड संस्थेत असतानाच काढा, कारण सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीला सोबत कोणीतरी लागतं.

कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याची ५ लाखांची मुदत ठेव आणि केंद्राच्या पीएम केअर्स योजनेचे १० लाख असू शकतात. पीएम केअर्समध्ये १८ ते २३ वयात महिना स्टायपेंड आणि २३ व्या वर्षी पूर्ण रक्कम मिळते. मुलाला याची कल्पनाच नसते असं दिसलं तर जिल्हा कार्यालयात नाव देऊन विचारा आणि ठेवीच्या पावतीची, पोस्टाच्या पासबुकाची झेरॉक्स घ्या. आणि ही रक्कम किती आहे हे मुलाने चारचौघांत सांगत फिरू नये, हेही त्याला नीट समजावा. अचानक उगवणारे नातेवाईक कमी नसतात.

मुलींना माझी लाडकी बहीण योजनेची आशा दाखवली जाते. तिची किमान वयाची अट २१ आहे, म्हणजे अठराव्या वर्षीच्या खर्चाच्या हिशोबात ती धरू नका.

## बाहेर पडायच्या दिवशी

मुलाच्या हातात ओरिजिनल कागदांची एक फाईल, झेरॉक्सचे दोन सेट, आणि सगळ्याचं स्कॅन त्याच्या स्वतःच्या ईमेलवर किंवा डिजिलॉकरमध्ये. पासवर्ड त्याचा त्याला पाठ हवा. संस्थेने कागदांची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. "आमच्याकडे सुरक्षित राहतील" म्हणून ओरिजिनल ठेवून घेऊ नका, कागद मुलाचे आहेत.

यादीत हेही बघा: मुक्ततेचा आदेश, आफ्टरकेअरचा आदेश, वय ठरवल्याचा आदेश, संस्थेत कधीपासून कधीपर्यंत होता त्याचं प्रमाणपत्र. शेवटचं हमखास राहतं आणि पुढे नोकरीच्या पडताळणीत तेच मागतात.

१०९८ ही हेल्पलाईन अठरापर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यानंतर फोन कोणाला करायचा, एक खरं माणूस, नाव आणि नंबरसकट, फाईलच्या पहिल्या पानावर लिहून द्या. मुलींना १८१ ही महिला हेल्पलाईन सांगून ठेवा.

## अठरा उलटून गेलं असेल तर

२१ च्या आत असाल तर आफ्टरकेअरसाठी अजून अर्ज करता येतो. ज्या जिल्ह्यातल्या संस्थेत होतात तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, आत्ता राहताय त्या जिल्ह्यात नको, कारण फाईल तिकडे आहे. संस्था बंद पडली असेल तरी समितीकडे आणि जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात नोंद असते. दाखल झाल्याचं साल, संस्थेचं नाव आणि त्या वेळचं नाव लिहून लेखी अर्ज द्या.

अर्ज नुसता पडून राहिला तर माहिती अधिकारात त्यावर काय कार्यवाही झाली ते विचारा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे तक्रार देता येते, त्यासाठी आधीच्या अर्जाची पोच लागते, म्हणूनच आवक क्रमांकाचा एवढा आग्रह. आणि थेट नकार आला तर तो लेखी घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलींना, दिव्यांगांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. जाताना फाईल न्या, आणि पहिल्यांदा शक्यतो एकट्या मुलाला पाठवू नका, सोबत जा.